उष्णतेचा चुकलेला पत्ता

जुन्या स्पोर्ट्स कारच्या मालकाला वेगाविषयी विचारलं तर तो आकडे सांगतो. इंजिनाविषयी विचारलं तर बॉनेट उघडतो. एसीविषयी विचारलं तर मात्र आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, “आज तशी हवा बरी आहे, नाही?”

अशा गाडीचा मी मालक नाही. मी शेजारच्या सीटवर बसणारा माणूस आहे आणि या विषयावर बोलायचा खरा अधिकार त्या सीटलाच आहे असं माझं मत आहे. मालकाचे हात स्टिअरिंगवर, कान इंजिनाच्या आवाजावर आणि मन एकोणीसशे साठ-सत्तरच्या दशकात असतं. त्याला उकडत नाही. शुद्धीवर राहून उकाडा सोसण्याचं काम शेजारच्याकडे असतं. थंडीचंही तेच.

या विषयातलं शास्त्र सोपं आहे. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते तिचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांच्या कामी येतो आणि तोही इंजिन तरुण असेल तर. उरलेले दोन हिस्से उष्णता होऊन काही रेडिएटरमधून, काही सायलेन्सरमधून जातात. हिशेबाने पाहिलं तर अशा गाडीचा मुख्य धंदा उष्णता तयार करण्याचा, पळणं हा जोडधंदा. म्हणजे उष्णतेची टंचाई तिथे कधीच नसते. फक्त ती जिथे हवी तिथे नसते आणि जिथे नको तिथे मुक्कामाला असते. डिसेंबरात ती इंजिनाकडे आणि मे महिन्यात आपल्या पायांशी. हीटरची दुरुस्ती, कूलिंगची दुरुस्ती, एसीची दुरुस्ती अशी बिलं वेगवेगळी येतात, पण काम एकच असतं: चुकलेली उष्णता तिच्या पत्त्यावर पोचवणं.

मुळात या गाड्या बनवणाऱ्यांनी माणसाचा विचार अगदी शेवटी केला. इंजिन झालं, चाकं झाली, आकार झाला, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की आत बसणारही कुणीतरी. वजन वाचवण्याचा ध्यास घेतलेल्या कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६६ साली युरोपा नावाची गाडी काढली. तिच्या पहिल्या आवृत्तीत बाजूच्या काचा उघडतच नसत. लॅम्बोर्गिनी काउंटाशच्या काचा उघडत, पण टोलची पावती घेण्यापुरत्या. ही काउंटाश एका पिढीतल्या जगभरच्या पोरांच्या खोल्यांतून भिंतीवर लागलेली होती आणि तिचं खरं स्थान तेच. पोस्टरमध्ये बसलेल्या माणसाला उकडत नाही.

आधी हीटरचं बघू. १९६२ साली एमजीबी बाजारात आली तेव्हा खुद्द इंग्लंडात तिचा हीटर जादा पैसे मोजून घ्यावा लागे. टप उघडून हिंडायची गाडी. टोपी, मफलर, हातमोजे आणि नुकत्याच गेलेल्या साम्राज्याची आठवण एवढ्या उबेवर गिऱ्हाइकाने भागवावं असा कंपनीचा अंदाज असावा. ज्यांनी जादा पैसे भरले त्यांना एक पत्र्याची पेटी मिळाली. आत छोटा रेडिएटर, एक पंखा आणि हवेला वाट दाखवणारी झाकणं. इंजिनातलं गरम पाणी त्या छोट्या रेडिएटरमधून फिरायचं आणि पंख्याने त्याच्यावरून हवा आत ढकलायची, इतका साधा बेत. पंख्याचं बटण दाबल्यावर आवाज लगेच येतो. हवा मागून येते, आली तर.

ही पेटी इंजिनाच्या मागच्या पडद्यात अशी घट्ट बसवलेली आहे की कारखान्यात आधी हीटर टेबलावर ठेवत आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधत, असं एमजीबीचे मालक एकमेकांना सांगतात. आतला रेडिएटर गळायला लागला की पायाशी गोडसर वासाचं कोमट पाणी साचतं. मग पेटी काढणं आलं. दुरुस्तीच्या पुस्तकात हे काम चार ओळींत उरकलेलं असतं आणि शेवटी बसवताना याच्या उलट क्रम धरावा, अशा अर्थाची सूचना असते. ती वाचून माणसाला वाटतं की उलट क्रम म्हणजे शेवटून सुरुवातीकडे जायचं. प्रत्यक्षात तो रविवार संध्याकाळकडून शनिवार सकाळकडे जाण्याचा प्रयत्न असतो. पेटीभोवतीचा फोम कुजलेला, स्क्रू गंजलेले, तारा आखडलेल्या, आणि एक स्क्रू असा की तो फक्त बोटांना दिसतो, डोळ्यांना नाही. घरच्या घरी दुरुस्ती शिकवणारी हेन्स मॅन्युअलं जगप्रसिद्ध आहेत. त्या मालिकेतलं १९६६ सालचं पहिलं पुस्तक ऑस्टिन-हीली स्प्राइट या स्पोर्ट्स कारवर निघालं. गरज कुठे सर्वांत जास्त आहे हे प्रकाशकाने बरोबर ओळखलं होतं.

हीटरकडे गरम पाणी जाऊ देणारा एक वाल्व्ह इंजिनावर असतो आणि डॅशबोर्डवरचं बटण एका तारेने त्याच्याशी जोडलेलं असतं. पन्नास वर्षांत तार ताणली जाते, वाल्व्ह गंजतो आणि एखाद्या दिवशी कायमची भूमिका घेतो. बंद अवस्थेत अडकला तर हिवाळाभर थंडी. उघड्या अवस्थेत अडकला तर ऐन उन्हाळ्यात पायाशी गरम हवा. उन्हाळ्यात एसी चालत नाही म्हणून हजारो रुपये घालवणाऱ्या कित्येकांचा एसी उत्तम असतो. तो बिचारा त्या अडकलेल्या हीटरशी एकटा झुंजत असतो. हा वाल्व्ह बदलणं हे सगळ्यांत स्वस्त काम, म्हणून ते कुणाला सुचत नाही.

पोर्शे ९११ या गाडीने हा प्रश्न मुळातूनच सोडवला: पाणीच ठेवलं नाही. या गाडीचं इंजिन मागच्या बाजूला आणि १९६४ पासून १९९८ पर्यंत त्याला थंड ठेवायला एक मोठा पंखा आणि भरपूर तेल. पाणी नाही, रेडिएटर नाही, म्हणजे पाणी उकळण्याची भीती नाही. पण मग हीटरला उष्णता आणायची कुठून? जर्मन माणसाने धुराड्याकडे बघितलं. इंजिनातून निघालेल्या जळत्या धुराच्या नळ्यांभोवती पत्र्याचं आवरण घातलं, पंख्याची थोडी हवा त्या आवरणातून फिरवली आणि ती दारांच्या खालच्या पोकळीतून थेट पुढे आणून सोडली. कल्पना सुरेख आहे. फक्त इंजिनाने जितका जोर लावला तितकीच ऊब मिळते. सिग्नलला उभं राहिलं की गारठा, मोकळ्या रस्त्यावर उजवा पाय दाबला की उकाडा. बायकोला थंडी वाजते म्हणून वेग वाढवावा लागला, असं पोलिसाला सांगता येईल अशी जगातली ही एकमेव गाडी.

या व्यवस्थेत इंजिनाचं आरोग्य नाकाने कळतं. वरच्या झाकणातून तेलाचा थेंब त्या गरम आवरणावर पडला की त्याचा सुगंध आत. तो आला की मालक डोळे मिटून म्हणतो, “हाच तो जुन्या ९११चा वास!” शेजारच्या सीटवरचा माणूस काच खाली करतो, म्हणजे हीटर लावून काच उघडी, असा तो प्रवास. यात एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. आवरणाच्या आतली नळी गंजून फुटली तर धुरातला कार्बन मोनॉक्साइड आत येऊ शकतो आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. अशी गाडी घेतली की इतर हौशी करण्याआधी ही आवरणं उतरवून तपासायची. पत्र्याला भोक दिसलं तर भाव करत बसायचं नाही.

आता इंजिन थंड ठेवण्याकडे वळू. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात जग्वार ई-टाइप आली तेव्हा लोक तिच्या लांबलचक नाकाच्या प्रेमात पडले. तो आकार घडवणारे माल्कम सेयर विमानं घडवण्याच्या क्षेत्रातून आलेले. वारा कापायचा म्हणून त्यांनी गाडीचं तोंड लहान ठेवलं. विमान आकाशात कधी ट्रॅफिकमध्ये अडकत नाही, ई-टाइप मात्र लंडनच्या आणि लॉस एंजेलिसच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. लहान तोंड, मोठं इंजिन आणि एक विजेचा पंखा. मालक घामाघूम. १९६८ साली दुसरी आवृत्ती आली तेव्हा कंपनीने तोंड मोठं केलं आणि पंखे दोन दिले. शौकीन आजही पहिल्या आवृत्तीलाच जास्त भाव देतात. जी गाडी चालवता येते तिच्यापेक्षा जी बघता येते ती महाग, हा या बाजाराचा कायदा.

ट्रायम्फ स्टॅगची गोष्ट याहून रंगतदार. १९७० ते १९७७ या काळात निघालेल्या या देखण्या गाडीला कंपनीने स्वतःचं तीन लिटरचं व्ही-८ इंजिन दिलं आणि पाण्याचा पंप इंजिनाच्या माथ्यावर, दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या घळीत बसवला. पंप इतका उंच की पाण्याची पातळी जराशी उतरली की त्याला पाणी मिळत नाही, हवा मिळते. खाली लोखंडाचा ब्लॉक, वर अॅल्युमिनियमची हेडं. तापल्यावर दोघांचं पसरणं वेगवेगळं, म्हणजे हेड वाकणार हे ठरलेलं. त्यात कूलंट निघून गेल्यावर तापमान मोजणाऱ्या सेन्सरला मोजायला पाणीच नसतं, मग काटा हळूच खाली सरकतो. इंजिन मरणपंथाला आणि डॅशबोर्डवर सगळं आलबेल. सरकारी अहवालाची ही पद्धत मोटारीत आणण्याचं श्रेय कुणाला द्यावं हे मी वाचकांवर सोडतो.

आपल्याकडे या सगळ्या नाटकाचं थिएटर म्हणजे बोरघाट. मुंबई-पुण्याच्या दरम्यान एक्स्प्रेसवे नव्हता तेव्हा खोपोलीहून वर चढणाऱ्या जुन्या रस्त्यावर बॉनेट उघडी टाकून उभ्या असलेल्या गाड्यांची रांग हे खंडाळ्याचं निसर्गसौंदर्यच होतं. शिंग्रोबाच्या देवळाशी नाणं टाकायचं ते सुखरूप प्रवासासाठी असं म्हणतात, पण माझा अंदाज आहे की निम्मी नाणी रेडिएटरसाठी पडलेली आहेत. मुंबईत ज्या हौशी मंडळींकडे जुन्या एमजी होत्या त्यांनाही या रांगेत उभं राहावं लागे आणि फियाटवाले त्यांच्याकडे समाधानाने बघत. घाटात फक्त एकच समता होती आणि ती शंभर अंशांच्या आसपास सुरू होई.

शंभरच्या आसपास म्हणालो, कारण त्यात रेडिएटरच्या झाकणाचा हात असतो. ते झाकण म्हणजे दाब धरून ठेवणारी झडप. दाब साधारण एका वातावरणाएवढा वाढला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. म्हणजे चारदोनशे रुपयांच्या झाकणावर वीस अंशांची सवलत. त्याच्या आतलं रबर चिरलं की सवलत रद्द. तरी गाडी तापू लागली की लोक पंप बदलतात, रेडिएटर खोलून त्याच्या जाळीत सळया घालून साफ करतात, डाख देतात आणि सगळं झाल्यावर तेच जुनं झाकण वर ठेवतात. काही मिस्त्री याहून पुढे जातात. ते थर्मोस्टॅटच काढून टाकतात. “आपल्या हवेत काय काम त्याचं, साहेब?” या वाक्यावर महाराष्ट्रातल्या किती थर्मोस्टॅटांनी प्राण सोडले असतील! पाणी योग्य तापमानाला येईपर्यंत त्याला इंजिनातच थांबवणं हे त्याचं काम. तो काढला की इंजिन धड तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं, आणि हीटर असलाच तर त्यातून येते ती हवा फक्त ताजी असते.

तापलेल्या गाडीवरचा खरा जालीम उपाय मात्र सगळ्या मालकांना पाठ असतो आणि प्रवाशांना तो ऐनवेळी कळतो. हीटर हा इंजिनाच्या पाण्यावर चालणारा दुसरा रेडिएटरच आहे. तेव्हा काटा लाल रेषेकडे सरकायला लागला की एसी बंद करायचा आणि हीटर पूर्ण चालू करायचा. इंजिनातली उष्णता माणसांत वाटली जाते आणि इंजिन वाचतं. भर मे महिन्यात, दुपारी, घाटात, बाहेर चाळीस अंश असताना मालक गंभीर चेहऱ्याने हीटर लावतो तेव्हा आपलं या गाडीतलं नेमकं स्थान आपल्याला कळतं. आपण प्रवासी नसतो, कूलिंग सिस्टिमचा भाग असतो.

एवढं सगळं असताना या गाड्यांत एसी घालायचं कुणाला सुचलं? मोटारीत कारखान्यातून एसी देण्याचा पहिला मान अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीचा. १९३९ साली तिने तो जाहीर केला, किंमत २७४ डॉलर. यंत्रणेने निम्मी डिकी व्यापली. कॉम्प्रेसर बंद करायची सोय नव्हती. गार हवा नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, बॉनेट उघडायचं आणि पट्टा काढून ठेवायचा. दोनेक वर्षांत हा प्रकार गुंडाळला गेला. स्पोर्ट्स कारवाल्यांनी त्याहून जास्त वेळ घेतला. शेव्हर्ले कॉर्व्हेटमध्ये १९६३ साली एसीची सोय झाली; त्या वर्षी निघालेल्या २१,५१३ कॉर्व्हेटांपैकी २७८ गिऱ्हाइकांनी तो मागितला. बाकीच्यांना लाज वाटली असणार. मर्दाने घाम गाळावा असा तेव्हाचा दंडक होता. आज त्या २७८ गाड्या शोधत लोक हिंडतात, कारण मर्द आता म्हातारे झालेत.

हवेवर थंड होणाऱ्या ९११मध्ये एसी बसवताना जर्मन अभियांत्रिकीला घाम फुटला. इंजिन मागे, म्हणून कॉम्प्रेसर मागे. जागा पुढे, म्हणून गार हवा तयार करणारी कॉइल पुढच्या डिकीत. आतली उष्णता बाहेर टाकणारे कंडेन्सर दोन: एक पुढे नाकाखाली, दुसरा मागे इंजिनाच्या झाकणाखाली. चूल परसात, पंगत ओटीवर आणि वाढपी दोन्हींच्या मधे रबराच्या नळीतून धावतोय, असा तो संसार. त्यात झाकणाखालच्या त्या कंडेन्सरमधून हवा ओढायचं काम इंजिनाचा पंखा करतो, म्हणजे आतून मोठ्या कष्टाने बाहेर काढलेली उष्णता आधी इंजिनाला थंड करायला पाठवली जाते. गाडी सिग्नलला उभी असेल तर इंजिनाची धग खालून वर येते आणि कंडेन्सर स्वतःच शेकत बसतो. अशा परिस्थितीत पुढच्या झडपेतून जी काही गार हवा येते तिचं कौतुकच करायला हवं. ती फार लांबून येते.

त्या लांबलचक रबरी नळ्यांतूनच गॅस हळूहळू निसटतो. हा गॅस म्हणजे आर-१२, लोकांच्या तोंडी फ्रीऑन. साध्या हवेच्या दाबाला तो उणे तीस अंशांच्या आसपास उकळतो, आणि उकळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो, यावर सगळा खेळ. तो शोधणाऱ्यांतले प्रमुख थॉमस मिज्ली. १९३० साली त्यांनी तो भर सभेत श्वासाबरोबर ओढून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. तो विषारी नाही आणि पेटतही नाही हे एका दमात सिद्ध. पेट्रोलमध्ये शिसं घालायची कल्पनाही याच गृहस्थांची. म्हणजे जुन्या स्पोर्ट्स कारच्या टाकीत जे होतं आणि एसीत जे होतं, ते दोन्ही एकाच डोक्यातून निघालं आणि पुढे जगाने दोन्हींवर बंदी घातली. ओझोनच्या थराला धोका म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला. पुढे विकसित देशांत १९९६ पर्यंत आणि आपल्यासारख्या देशांत २०१० पर्यंत अशा वायूंचं उत्पादन थांबवायचं ठरलं. जुन्या गाडीचा एसी गळतो तेव्हा मालकाच्या खिशाचं आणि ओझोनचं नुकसान एकाच भोकातून होतं.

मग आला आर-१३४ए. दिसायला तोच खेळ, पण नव्या गॅसला जुनं खनिज तेल मानवत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसरचं तेल बदला. जुन्या नळ्यांच्या रबरातून तो आणखी सहज निसटतो, म्हणून नळ्या बदला. जुन्या कंडेन्सरवर तो तितका गारवा देत नाही, म्हणून कंडेन्सर मोठा घ्या. ओलावा शोषणारी ड्रायरची बाटली तर बदलायचीच. एवढं सगळं बदलल्यावर जुन्या एसीतलं काय राहतं? बटण. ते मात्र मूळ कंपनीचंच हवं, असा मालकाचा हट्ट असतो.

पुण्यातल्या आमच्या एका स्नेह्यांकडे अशी एक गाडी आहे. तिचं नाव सांगत नाही; त्यांना वाईट वाटेल यापेक्षा गाडीला वाटेल आणि ती शनिवारी सुरूच होणार नाही, ही त्यांची भीती. तिचा एसी दर उन्हाळ्यात दुरुस्तीला जातो. तिथला संवाद मी शेजारच्या सीटच्या अधिकाराने ऐकलेला आहे.

“साहेब, गॅस गेलाय. भरून देतो.”

“गेला कुठून?”

“गेला कुठून तरी. आता जुनी गाडी म्हटल्यावर गॅस जाणारच. तुमचे केस नाही का गेले?”

या युक्तिवादापुढे स्नेही गप्प होतात, गॅस भरला जातो, आणि तो गणपतीच्या आधी पुन्हा आभाळात जातो. खरं काम वेगळंच असतं. आधी नायट्रोजन भरून दाब धरायचा आणि जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायचे. फेसाने चोर सापडला नाही तर तेलात रंग मिसळून अतिनील दिव्याखाली बघायचं. प्रत्येक जोडातलं रबराचं कडं नव्या गॅसला चालणारं घालायचं. मग व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा ओढून काढायची. इतकी की आत राहिलेल्या पाण्याची नेहमीच्या तापमानालाच वाफ होऊन निघून जावी. पंप बंद करून थोडा वेळ काटा बघत बसायचं. काटा हलला तर गळती आहे, पुन्हा पहिल्यापासून. हलला नाही तरच गॅस, आणि तोही वजनाने मोजून. “हाताला गार लागेपर्यंत” हे मोजमाप नव्हे. जास्त गॅस भरला तर गारवा वाढत नाही, कमी होतो. हे सांगितलं की गॅस भरणारा आपल्याकडे दयेने बघतो.

अशा कामात पाहिजे असतो तो वेळ. पण वेळ घेणारा मिस्त्री महाग वाटतो आणि दरवर्षी गॅस भरणारा स्वस्त. वहिनींनी या हिशेबावर भाष्य करणं कधीच सोडलं आहे. कुणी विचारलं की त्या शांतपणे म्हणतात, “हो, गाडीत एसी आहे ना. यांना फार आवडतो.” एकदा पाहुण्यांसमोर स्नेह्यांनी झडपेत थर्मामीटर खुपसला. बाहेर पस्तीस आणि झडपेपाशी सोळा दाखवल्यावर त्यांचा चेहरा उजळला. वहिनी मागच्या सीटवर होत्या; तिला सीट म्हणणं हा कंपनीचा दावा आहे. त्या म्हणाल्या, “अहो, मग आता तो थर्मामीटर काढा. निदान तेवढ्या भोकातून तरी हवा येईल.”

गंमत अशी की एसी खरोखर उत्तम चालू लागला तर मालकाला थोडं चुकल्यासारखं होतं. काचा बंद, इंजिनाचा आवाज कमी, तेलाचा वास नाही, घाम नाही. मग आपण नक्की कशात बसलोय, असा प्रश्न त्याला पडतो. कॉम्प्रेसर चालू झाला की इंजिनाची ताकद जराशी घटते, हे त्याच्या उजव्या पायाला लगेच कळतं. पुढच्या मोकळ्या वळणाला तो हळूच बटण बंद करतो आणि शेजारच्याला सांगतो, “ओव्हरटेक करायचंय.” समोर रस्ता रिकामा असतो. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या रॅली हिवाळ्यातच का भरतात, याचं खरं कारण संयोजक सांगत नाहीत. मी सांगतो: एसीचा विषय निघू नये म्हणून.

तरीही ज्यांना या गाड्यांत माणसासारखं बसायचं आहे, त्यांच्यासाठी शेजारच्या सीटचा सल्ला आहे आणि त्याचा क्रम बदलू नये. आधी उष्णता आत येणं थांबवा: हीटरचा वाल्व्ह नीट बंद होतो का बघा, इंजिनाच्या मागच्या पडद्यातल्या भोकांची वाळून गळालेली रबरं बदला, दारांची रबरं बदला, पायाखाली उष्णता अडवणारा थर घाला. यात खर्च कमी आणि फरक मोठा. मग इंजिन सांभाळा: झाकण, थर्मोस्टॅट, पट्टा, नळ्या, स्वच्छ रेडिएटर. हवेवरची गाडी असेल तर धुराच्या नळ्यांची आवरणं सर्वांत आधी. एसीचा नंबर या सगळ्यानंतर. इतकं करूनही झडपेतून येणारा वारा तुमच्या ऑफिसच्या टॅक्सीइतका गार होणार नाही. गारवाच हवा असेल तर कोणतीही नवी, साधी, कुरूप गाडी घ्यावी. ती हे काम तक्रार न करता करते. आणि जुनी घेतलीच असेल, तर गॅरेजमधल्या “आधी गॅस भरून बघू” या वाक्याला हात जोडून नकार द्या. गळती सापडेपर्यंत गॅस भरू नका.